पत्रकारावर अधिकाऱ्यानं चुकीचा गुन्हा दाखल केला, तर कायदा त्याला कुठवर वाचवतो?

ऑगस्ट २०१९. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातली एक सरकारी प्राथमिक शाळा. दुपारच्या जेवणाची वेळ. जमिनीवर ओळीत बसलेल्या मुलांच्या ताटात चपाती आणि चपातीसोबत मीठ. डाळ नाही, भाजी नाही.

पवन जायसवाल या स्थानिक पत्रकारानं याचा व्हिडिओ काढला आणि काही तासांत तो देशभर फिरला. सरकारी पोषण आहार योजनेत मुलांना नेमकं काय खायला मिळतं, यावर चर्चा सुरू झाली.

काही दिवसांनी गुन्हा दाखल झाला, तो जायसवाल यांच्यावर. तक्रारदार होते शिक्षण विभागाचे अधिकारी. आरोप होते कट रचणं, फसवणूक, खोटा पुरावा तयार करणं आणि सरकारी कामात अडथळा. छापील वृत्तपत्राच्या पत्रकारानं व्हिडिओ काढायचंच काय कारण, असा सवाल तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी केला होता.

देशभरातून टीका झाली. प्रेस कौन्सिलनं दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी जायसवाल यांना क्लीन चिट दिली. म्हणजे साधारण तीन-चार महिने एक पत्रकार 'आरोपी' म्हणून जगला.

हे प्रकरण 'शेवटी न्याय मिळाला' या खात्यात जमा करता येईल. पण इथं दोन प्रश्न उरतात. मुळात असा गुन्हा दाखल होण्याआधीच थांबवता येतो का? आणि गुन्हा निराधार निघाला, तर तो दाखल करणाऱ्याला कुणी जाब विचारतं का?

पत्रकारांसाठी वेगळा कायदा आहे का?

भारतीय संविधानात 'पत्रकार स्वातंत्र्य' असा शब्दच नाही. कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातच येतं. संविधान सभेत हा मुद्दा निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की वृत्तपत्र म्हणजे शेवटी नागरिकच, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी तरतूद करायची गरज नाही.

याचा अर्थ सोपा आहे. संपादकाला जे संरक्षण आहे, तेच गावातल्या खड्ड्याचा फोटो टाकणाऱ्या तरुणालाही आहे. आणि संपादकाला जे नाही, ते त्यालाही नाही. म्हणून हा विषय फक्त ओळखपत्र गळ्यात घालणाऱ्यांचा नाही.

मग महाराष्ट्रातल्या 'पत्रकार संरक्षण कायद्या'चं काय? महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्ये हा कायदा मंजूर केला आणि २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पत्रकारावर किंवा माध्यम संस्थेवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

पण हा कायदा हिंसेपासून संरक्षण देतो, खोट्या गुन्ह्यापासून नाही. पत्रकारानं खोटी तक्रार केली तर त्याला शिक्षा आहे. पत्रकाराविरुद्ध खोटी तक्रार झाली तर काय, यावर हा कायदा काही बोलत नाही. शिवाय तो माध्यम संस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेल्यांचा विचार करून लिहिला आहे. स्वतःच्या मोबाइलवर यूट्यूब चॅनेल चालवणारा माणूस त्या चौकटीत सहज बसत नाही.

कोणती कलमं लावली जातात?

महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या पत्रकाराला '३५३' हा आकडा सांगा, पुढचं त्याला सांगावं लागत नाही. भारतीय दंड संहितेचं हे कलम सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं होतं. महाराष्ट्रानं मधल्या काळात राज्यापुरती दुरुस्ती करून त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

इथं एक गोष्ट नेहमी विसरली जाते. या कलमासाठी हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. प्रश्न विचारणं, चित्रीकरण करणं किंवा चिडून लिहिणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. बंगळुरूतल्या एका दांपत्यानं वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलिसाच्या वागणुकीबद्दल टीका केली, तेव्हा त्यांच्यावर ३५३ लावलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात तो गुन्हा रद्द केला. नुसती टीका म्हणजे हल्ला किंवा धाक नाही, हा त्या निकालाचा गाभा.

असंच एक प्रकरण वर्ध्याचं आहे. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो रद्द केला. या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणां'च्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

तिसरा मार्ग बदनामीचा. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल निकालात म्हटलं होतं की सरकारला स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागता येत नाही. अधिकाऱ्यालाही सरकारी कामाबद्दलच्या मजकुरासाठी ती मागायची असेल, तर मजकूर खोटा होता आणि खरंखोटं न तपासता बेपर्वाईनं छापला, हे दाखवावं लागतं. पण फौजदारी बदनामीचा रस्ता खुला राहिला आणि २०१६ मध्ये न्यायालयानं तो वैध ठरवला. त्यातही मंत्री आणि सरकारी अधिकाऱ्यांना खास सोय आहे. कामासंदर्भातल्या बदनामीची तक्रार त्यांच्या वतीनं सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात करू शकतो. सरकारच्या सांगण्यावरून डोळे झाकून अशी तक्रार करायची नाही, सरकारी वकिलानं स्वतः विचार करायचा असतो, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलं आणि तमिळनाडूतल्या संपादकांविरुद्धच्या अशा तक्रारी रद्द केल्या.

याशिवाय दोन गटांत तेढ पसरवणं, अफवा पसरवणं आणि देशाच्या एकतेला धोका पोहोचवणं ही कलमं आहेतच. राजद्रोहाच्या १२४ अ ला सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्थगिती दिली होती. नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द गेला, पण कलम १५२ आलं आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे.

कायद्यानं कुठं कुठं अडसर ठेवले आहेत?

कागदावर पाहिलं तर प्रत्येक टप्प्यावर काही ना काही संरक्षण आहे.

गुन्हा नोंदवण्याआधी: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मधली सोय. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बोलण्या-लिहिण्यातून घडलेल्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणं केव्हाही योग्य. समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी हा अलीकडच्या काळातला सगळ्यात कामाचा निकाल म्हणता येईल.

अटकेच्या वेळी: सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. आधी नोटीस द्यायची आणि अटक केलीच तर कारण लिहून ठेवायचं, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं बंधनकारक केलं. मे २०२४ मध्ये न्यूजक्लिकचे प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं त्यांना लेखी दिली गेली नव्हती. आरोप यूएपीए या कठोर कायद्याखालचे असूनही हा नियम सुटला नाही.

एकाच मजकुरासाठी दहा ठिकाणी गुन्हे दाखल झाले तर: मे २०२० मध्ये अर्णब गोस्वामी प्रकरणात न्यायालयानं एका कार्यक्रमावरून वेगवेगळ्या राज्यांत दाखल झालेले गुन्हे रद्द केले आणि नागपूरचा मूळ गुन्हा मुंबईकडे वर्ग करून तेवढाच ठेवला. जुलै २०२२ मध्ये ऑल्ट न्यूजचे मोहम्मद झुबेर यांना उत्तर प्रदेशातल्या सर्व गुन्ह्यांत जामीन देताना न्यायालयानं अटक हे शिक्षेचं हत्यार होऊ नये, असं बजावलं. जामिनावर असताना ट्वीट करायचं नाही, अशी अट घालायलाही न्यायालयानं नकार दिला.

शेवटी, गुन्हा रद्द करण्यासाठी: उच्च न्यायालयाला कलम ५२८ खाली हा अधिकार आहे. १९९२ च्या भजनलाल निकालानं अशा सात परिस्थिती सांगितल्या. सूडबुद्धीनं केलेला गुन्हा त्यात येतो. शिलाँग टाइम्सच्या संपादक पॅट्रिशिया मुखीम यांच्यावरचा फेसबुक पोस्टचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये रद्द केला, तर विनोद दुआ यांच्यावरचा राजद्रोहाचा गुन्हा जून २०२१ मध्ये.

मग अडतं कुठं?

वरची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. जवळपास प्रत्येक निकाल सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाचा आहे. संरक्षण आहे, पण ते दिल्लीत, मुंबईत, नागपुरात मिळतं. गुन्हा मात्र तालुक्याच्या ठाण्यात दाखल होतो.

वेळेचा हिशेब पाहा. अर्णब गोस्वामी यांना दुसऱ्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी अटक झाली आणि ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम जामीन दिला. कुणाचंही स्वातंत्र्य एक दिवस हिरावलं गेलं तरी तो एक दिवस जास्तच, अशी भूमिका न्यायालयानं त्या निकालात घेतली. त्याच्या एक महिना आधी, ५ ऑक्टोबर २०२० रोजी, हाथरसकडे निघालेले केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सप्टेंबर २०२२ मध्ये जामीन दिला आणि दुसऱ्या एका प्रकरणातला जामीन मिळून ते तुरुंगाबाहेर आले, तेव्हा २ फेब्रुवारी २०२३ उजाडला होता. जवळपास २८ महिने.

दोन्ही प्रकरणांतले आरोप वेगळे होते. कप्पन यांच्यावर यूएपीए होता आणि त्यात जामीन मिळणं मुळातच अवघड. पण नेमकं हेच समजून घ्यायला हवं. गुन्हा नोंदवणाऱ्यानं कोणतं कलम निवडलं, यावर माणूस किती दिवस आत राहणार हे ठरतं. आरोप सिद्ध होतो की नाही, हा प्रश्न फार पुढचा.

तालुक्याच्या वार्ताहराचं गणित आणखी कठीण असतं. अनेकांना पगार नसतो, बातमीमागे किंवा जाहिरातीमागे पैसे मिळतात. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालय गाठायचं, वकील द्यायचा आणि तारखांना हजर राहायचं. दरम्यान मोबाइल आणि लॅपटॉप पोलिसांकडे जमा. त्यात बातमी देणाऱ्या माणसांचे नंबरही असतात. पत्रकारांची उपकरणं जप्त करण्याबाबत ठोस नियम हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सुनावलं होतं, ते यामुळेच.

अधिकाऱ्याला चाळणी, पत्रकाराला का नाही?

सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामासंदर्भात खटला चालवायचा असेल तर आधी सरकारची मंजुरी लागते. जुन्या संहितेचं कलम १९७, आताचं २१८. नव्या कायद्यात सरकारनं १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, ही सुधारणा आहे. पण मुळात चाळणी आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला ऊठसूट कोर्टात खेचलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आणि तो चुकीचा नाही.

डॉक्टरांनाही अशी चाळणी मिळाली आहे. उपचारात हलगर्जी केल्याच्या आरोपावरून डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, असं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं सांगितलं.

विनोद दुआ यांनी नेमकी हीच मागणी केली होती. किमान दहा वर्षं काम केलेल्या पत्रकारावर गुन्हा दाखल करण्याआधी प्रत्येक राज्यात एका समितीनं तो तपासावा. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला, पण ही मागणी फेटाळली. अशी व्यवस्था करणं हे कायदेमंडळाचं काम आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. चेंडू संसदेच्या अंगणात गेला आणि तिथंच राहिला.

अशी चाळणी अशक्य नाही, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. त्यावरच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारनंच मांडलेले निकष स्वीकारले. राजद्रोहाचं कलम लावण्याआधी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचं लेखी मत घ्यायचं आणि नंतर दोन आठवड्यांत सरकारी वकिलाचंही. पुढे गृह विभागानं काढलेल्या मराठी परिपत्रकाची भाषा अशी होती की लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात यावी. गदारोळ झाला आणि सरकारला ते परिपत्रक मागे घ्यावं लागलं. चाळणी नुसती असून भागत नाही, तिची भाषाही नीट असावी लागते. आणि ही चाळणी फक्त १२४ अ पुरती होती. ३५३ किंवा खंडणीच्या गुन्ह्याला ती कधी लागलीच नाही.

याला दुसरी बाजूही आहे. पत्रकारितेच्या नावाखाली अधिकाऱ्यांना आणि दुकानदारांना धमकावून पैसे उकळणारे लोक आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. कायद्यासमोर सगळे समान असताना एका व्यवसायाला सूट का, हा प्रश्नही रास्त आहे. पण चाळणी म्हणजे सूट नव्हे. ज्याच्यावर बातमी आहे तोच अधिकारी तक्रारदार असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी त्या यंत्रणेबाहेरच्या कुणीतरी कागद पाहावेत, एवढीच अपेक्षा आहे. खऱ्या खंडणीखोराला त्यातून वाट मिळणार नाही.

गुन्हा खोटा निघाला, तर पुढे काय?

खोटा गुन्हा दाखल करणं हा स्वतः गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम २४८ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गंभीर गुन्ह्याचा खोटा आरोप असेल तर त्याहून जास्त. कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असूनही दुष्ट हेतूनं कुणाला डांबणाऱ्या अधिकाऱ्याला कलम २५८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण आरोप खोटा 'होता' एवढं पुरत नाही. तो खोटा आहे हे माहीत असताना केला, हे सिद्ध करावं लागतं. प्रकरण कोर्टात पोहोचलं असेल तर खोट्या आरोपाची तक्रार बहुधा कोर्टानंच करावी लागते. आणि अधिकाऱ्यावर खटला म्हटलं की पुन्हा सरकारी मंजुरीचा मुद्दा पुढे येतो.

दिवाणी दावा करता येतो, तोही खटला आपल्या बाजूनं संपल्यापासून एका वर्षाच्या आत. त्यातही द्वेषबुद्धी सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावरच.

विनाकारण अटक झाल्याबद्दल ती करायला लावणाऱ्याकडून दंडाधिकारी भरपाई देऊ शकतो. तिची कमाल रक्कम किती? एक हजार रुपये. २०२३ मध्ये अख्खी संहिता नव्यानं लिहिली गेली, हा आकडा तसाच राहिला.

मोठी भरपाई मिळाल्याची उदाहरणं आहेत. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ५० लाख रुपये द्यायला लावले. त्यांना अटक झाली होती १९९४ मध्ये. मधली २४ वर्षं ते लढत राहिले. ती भरपाईसुद्धा कायद्यातल्या ठरलेल्या हक्कातून नाही, न्यायालयाच्या विशेष अधिकारातून आली.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, विधी आयोगानं आपला २७७ वा अहवाल दिला. विषय होता चुकीचे खटले. अशा दाव्यांसाठी विशेष न्यायालयं असावीत, भरपाई हा कायदेशीर हक्क असावा आणि ती ठरलेल्या मुदतीत मिळावी, अशा शिफारशी त्यात होत्या. नव्या फौजदारी संहिता लिहिताना या शिफारशी अमलात आणण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही.

अशी वेळ आली, तर काय लक्षात ठेवायचं?

एफआयआरची प्रत मागा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. नोटीस आली तर टाळू नका, हजर राहा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं. अटक झाली तर कारणं लेखी मागा. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या कायद्यानं सक्तीचं आहे. मूळ व्हिडिओ आणि कागदपत्रांची प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवा. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. पोलिसांनी तपास बंद केला तर महाराष्ट्रात समरी अहवाल कोणत्या वर्गाचा आहे ते बघा. 'बी' समरी म्हणजे तक्रार खोटी आणि हेतुपुरस्सर होती, असं पोलिसांनीच म्हणणं. पुढे दावा करायचा तर हा कागद कामी येतो.

मिर्झापूरच्या प्रकरणात देशभर आवाज उठला, म्हणून तीन-चार महिन्यांत सुटका झाली. ज्या वार्ताहराचा व्हिडिओ व्हायरल होत नाही, त्याच्यासाठी हाच कायदा वर्षानुवर्षं तारखा देत राहतो. दरम्यान तो पुढच्या शाळेत मोबाइल घेऊन जायचा की नाही, याचा विचार करतो. तो गेला नाही, तर त्या शाळेत मुलांच्या ताटात काय पडतं, हे गावाबाहेर कुणाला कळणार नाही.